शांत करणे म्हणजे गप्प करणे नव्हे



या पानावर आम्ही बहुतेक वेळा साखर, रक्तदाब, क्षयाच्या गोळ्या आणि पावसाळ्यातले ताप यांविषयी लिहितो. या वेळी आम्हाला मयताच्या घरातल्या रागाविषयी लिहायचे आहे. दुःखाविषयी, रडण्याविषयी सगळे बोलतात. रागाविषयी कोणी बोलत नाही. आमच्या मते वस्तीतल्या तरुण पोरांचे जास्त नुकसान त्या रागानेच होते.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. आमच्या एका मित्राचा धाकटा भाऊ तापाने गेला. वय चोवीस. पहिले तीन दिवस नाक्यावरच्या डॉक्टरची सुई-गोळी झाली. चौथ्या दिवशी प्लेटलेट उतरल्या. मग एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात धावपळ. शेवटच्या ठिकाणी खाट मिळायलाच दोन तास गेले. पहाटे तो गेला. संध्याकाळी अंत्यसंस्कार झाले, त्रिसरण-पंचशील झाले, लोक आपापल्या घरी गेले.

रात्री मित्र ओट्यावर बसला होता. डोळ्यांत पाणी नव्हते. आमच्यातला एक जण त्याच्या शेजारी बसला आणि समजावू लागला, "भाऊ, सगळं अनित्य आहे. जो जन्मला तो जाणारच. आता मन घट्ट कर." वाक्य पुरे होण्याआधीच मित्राने समोरची खुर्ची लाथेने उडवली. "तुझा भाऊ गेला असता तर असं बोलला असतास का रे?" म्हणाला. तासाभराने पाहतो तर तो घरात नाही. चार पोरांबरोबर, दोन मोटारसायकलींवर, त्याच दवाखान्याकडे निघाला होता. एकाजवळ लोखंडी गज होता.

वस्तीच्या कमानीपाशी आम्ही त्यांना गाठले. त्या रात्री आम्ही काय चुकलो आणि कोण बरोबर वागले, ते सांगण्यासाठी हा लेख आहे.

राग हाही शोकच आहे

पहिली गोष्ट ही की माणूस गेल्यावर राग येणे हा काही आजार नाही आणि संस्कारांची कमतरताही नाही. जवळचे माणूस हिरावले गेले की मन विचारते, कोणी नेले? कोणाची चूक? डॉक्टरची, रुग्णवाहिकेची, ठेकेदाराची, नवऱ्याची, सासरची, आपली स्वतःची? उत्तर मिळेपर्यंत राग समोर येईल त्याच्यावर निघतो. बहुतेक वेळा समोर असतो तो मदतीला आलेला मित्रच.

पुष्कळांनी शोकाच्या पाच पायऱ्या ऐकलेल्या असतात आणि राग ही दुसरी पायरी, असे ते सांगतात. एलिझाबेथ क्युबलर-रॉस या डॉक्टरबाईंनी १९६९ सालच्या आपल्या पुस्तकात हे मांडले. पण ते मांडले होते मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्या माणसाचे दुःख असे जिन्याने चढत नाही. सकाळी तो हसतो, दुपारी भांडतो, रात्री रडतो, महिनाभराने पुन्हा भांडतो. तेव्हा "अजून याचा राग गेला नाही का?" असा हिशेब कोणी करू नये.

दुसरी गोष्ट शरीराची. राग आला की शरीर मारामारीसाठी तयार होते. छाती धडधडते, श्वास भरभर चालतो, हातापायांत रक्त धावते, कान बंद झाल्यासारखे होतात. अशा वेळी समजुतीच्या गोष्टी डोक्यात शिरत नाहीत. ऐकायचे नाही म्हणून तो ऐकत नसतो असे नाही, त्या घडीला त्याला ऐकूच येत नसते. शरीर खाली यायला अर्धा तास, कधी त्याहून जास्त लागतो. आमच्या मित्राला तर तीन रात्री झोप नव्हती आणि सकाळपासून पोटात अन्न नव्हते. त्याला उपदेशाआधी पाण्याची गरज होती. हे आमच्या लक्षात आले नाही, त्याच्या मावशीच्या आले.

मावशीने काय केले

कमानीपाशी आम्ही सगळे एकदम बोलत होतो. "वेडा झालास का?" "पोलीस उचलतील." "आईचा विचार कर." तो आणखी तापत होता. तेवढ्यात मावशी आली, अनवाणी. तिने त्याला अडवले नाही. म्हणाली, "जायचं तर जा. पण सकाळपासून तुझ्या पोटात काही नाही. आधी पाणी पी." तांब्या पुढे केला. पाणी प्यायला त्याला गाडीवरून उतरावे लागले. तो उतरला तसे एका पोराने गाडी बंद केली.

मावशी कठड्यावर बसली. तो शेजारी बसला. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग हळू आवाजात विचारले, "शेवटी काय बोलला रे तो तुझ्याशी?"

तेव्हा तो फुटला. म्हणाला, "मला म्हणत होता, दादा, घरी चल ना. मी त्याच्यावर ओरडलो. गप पडून राहा म्हटलं."

राग दवाखान्यावर होता हे खरेच, पण त्याच्याखाली हे दडलेले होते. आम्ही पाच शिकलेली माणसे त्याला कायदा सांगत होतो, धम्म सांगत होतो, आईची आण घालत होतो. जिला आम्ही अडाणी समजतो तिने फक्त पाणी दिले आणि एक प्रश्न विचारला.

धम्म सांगण्याची घाई करू नये

आमच्यातल्या ज्याने अनित्यता सांगितली त्याचा हेतू चांगलाच होता. पण आमचे स्पष्ट मत आहे की मयताच्या घरी पहिल्या दिवशी अनित्यतेचे प्रवचन देणे हा धम्म नव्हे. किसा गोतमीची कथा आपल्या घराघरांत माहीत आहे. मेलेले बाळ कडेवर घेऊन ती औषध मागत फिरत होती. तथागतांनी तिला "सगळे मरतात" असे सांगून परत पाठवले नाही. ज्या घरात कोणी मेलेले नाही तिथून मोहरी आण म्हणाले. ती दारोदार गेली. प्रत्येक दारात कोणीतरी आपल्या गेलेल्या माणसाविषयी तिला सांगितले. जे समजायचे ते तिला तिच्या पायांनी चालून समजले. आपण मात्र कथेचा शेवट आधीच सांगून मोकळे होतो.

कुसिनारा येथे तथागतांचे महापरिनिर्वाण जवळ आले तेव्हा आनंद दाराला टेकून रडत होता. तथागतांनी त्याला जवळ बोलावले, समजावले आणि त्याने केलेल्या सेवेची सर्वांसमोर वाखाणणी केली. आमच्या मित्राला कोणी म्हणाले का, की तू पाच दिवस भावाच्या उशाशी बसलास, तू कमी पडला नाहीस? ते वाक्य त्याला हवे होते.

आणि "रडू नको, मर्द आहेस" हे तर वस्तीतून हद्दपारच करावे. बाबासाहेबांची चार अपत्ये लहानपणीच गेली. १९२६ साली राजरत्न गेला तेव्हा आपल्या एका सहकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपले दुःख लपवले नाही. वर्षही पुरे झाले नव्हते, २० मार्च १९२७ रोजी ते महाडला चवदार तळ्यावर उभे होते. ते दुःख तोवर सरले असेल असे आम्हाला वाटत नाही. ज्यांना आपण बाप मानतो ते दुःख बोलून दाखवू शकले, तर आपल्या पोरांनी का लपवावे?

बाईच्या रागाचे तर आणखी वाईट होते. नवरा गेलेली बाई भांडी आपटू लागली, दिरावर ओरडू लागली की लोक म्हणतात, डोक्यावर परिणाम झाला. अजूनही कुठे कुठे तिला देवऋषाकडे न्यायची कुजबुज होते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजात हे शोभत नाही. ती रागावली आहे, कारण उद्या खोलीचे भाडे कोण भरणार हे तिला कोणी सांगत नाही. तिला धागा-दोरा नको, तिच्या प्रश्नाचे उत्तर हवे आणि शेजारी बसणारी एक बाई हवी.

मग करायचे काय

आमच्या अनुभवातून आणि दवाखान्यात काम करणाऱ्या आमच्या भगिनींना विचारून काही गोष्टी सांगतो.

गर्दी कमी करा. रागावलेल्या माणसाभोवती दहा जण उभे राहिले की त्याला घेरल्यासारखे वाटते. एक-दोघेच जवळ राहा, तेही त्याचा ज्यांच्यावर जीव आहे असे. बाकीच्यांनी चहा, लहान मुले, पाहुणे यांची व्यवस्था पाहावी. "चल, बघून घेऊ" म्हणणाऱ्या पोरांना आधी बाजूला घ्या. त्यांनाही दुःख झालेले असते, म्हणून त्यांना काम द्या: मंडप, पाणी, निरोप.

समोर उभे राहू नका, शेजारी बसा. आवाज त्याच्यापेक्षा खाली ठेवा. खांद्यावर एकदम हात टाकू नका. "शांत हो" हे दोन शब्द तर बोलूच नका, त्यांनी आजवर कोणी शांत झालेले आम्ही पाहिलेले नाही. त्याऐवजी "हे फार वाईट झालं", "मी इथेच आहे", "सांग मला, काय झालं" एवढेच पुरे. गेलेल्याचे नाव घ्या. लोक नाव घ्यायला घाबरतात, आणि घरच्यांना वाटते की सगळे त्याला विसरले.

पाणी द्या, थोडे खायला द्या, हळू चालवत न्या. श्वासाकडे लक्ष देणे आपल्याला विहारातल्या आनापानसतीने माहीत आहे. पण तापलेल्या माणसाला "श्वास घे" असा हुकूम करू नका. आपणच शेजारी बसून सावकाश श्वास सोडा. लांब उच्छ्वासाने हृदयाचे ठोके उतरतात, आणि शेजारच्याचा श्वास हळूहळू आपल्याबरोबर येतो.

"राग बाहेर काढू दे, काहीतरी फोडू दे, मोकळा होईल" असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. अमेरिकेतल्या ओहायो राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ साली १५४ अभ्यास एकत्र करून तपासले. शरीराची धग उतरवणाऱ्या गोष्टींनी, म्हणजे दीर्घ श्वसन, ध्यान, अंग सैल सोडणे यांनी राग कमी होतो, असे त्यांना दिसले. आदळआपट करून राग ओकल्याने तो कमी होत नाही. मात्र बोलणे आणि आदळणे यांत फरक आहे. बोलू द्या, तेच तेच दहा वेळा सांगितले तरी ऐका.

दारू आणू नका. अंत्ययात्रेनंतर मित्रांनी कोपऱ्यात बाटली उघडायची, "त्याला झोप तरी लागेल" म्हणायचे, हे आम्ही पाहतो. पाचवे शील सकाळी म्हणायचे आणि संध्याकाळी मोडायचे, हा भाग सोडा. दारूने झोप तुटक होते, हाताला आवर राहत नाही, आणि उतरल्यावर दुःख दुप्पट वाटते. गज हातात येतो तो बहुतेक वेळा दारूनंतरच.

आणि तो तुम्हाला शिव्या देईल. देऊ द्या. शिव्या देणाऱ्या ब्राह्मणाला तथागतांनी विचारले होते, पाहुण्याने वाढलेले अन्न घेतले नाही तर ते कोणाचे? मित्राच्या शिव्यांचे ताट तसेच राहू द्यावे. दुसऱ्या दिवशी "तू मला असं बोललास" म्हणून ते पुन्हा वाढू नये. पण तो मारायलाच उठला, घरातल्या बाईवर वा लेकरावर हात टाकू लागला, तर मैत्री बाजूला ठेवून आधी त्यांना दूर न्या आणि ११२ ला फोन करा.

राग विझवायचा की वळवायचा?

आमच्यातले काही कार्यकर्ते म्हणतील, तुम्ही समाजाचा राग विझवायला निघालात. गरिबाचे पोर खाटेवाचून मेले, आणि तुम्ही त्याच्या भावाला श्वास मोजायला लावता?

हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. त्याच्या रागात सत्य असू शकते. म्हणूनच तो दवाखान्याच्या काचेवर वाया जाऊ नये असे आम्ही म्हणतो. डॉक्टर आणि रुग्णालये यांच्यावरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजार रुपयांपर्यंत दंड, वर नुकसानीच्या दुप्पट भरपाई. त्या रात्री गज चालला असता तर एका आईचा एक मुलगा स्मशानात आणि दुसरा कोठडीत गेला असता. खाट का मिळाली नाही, हा प्रश्न मग कोणी विचारलाच नसता. सगळे काचेविषयीच बोलले असते.

रागाला रस्ता आहे. उपचाराच्या कागदपत्रांच्या प्रती लेखी मागा. मागितल्यापासून ७२ तासांच्या आत त्या द्याव्या लागतात, असा डॉक्टरांसाठी २००२ पासून नियम आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. कोणत्या वेळी कुठे पोहोचलो, कोण काय म्हणाले, हे आठवणीत ताजे असतानाच वहीत लिहा. मृत्यूच्या कारणाविषयी शंका असेल तर अंत्यसंस्काराआधीच शवविच्छेदनाची मागणी करा, नंतर ती वाट बंद होते. बिल थकले म्हणून मृतदेह अडवून ठेवणे हे रुग्णहक्कांच्या विरुद्ध आहे. डॉक्टरविरुद्ध महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार करता येते. पैसे भरून उपचार घेतले असतील तर दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे जाता येते. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

ही कामे दुःखातल्या माणसाने एकट्याने करू नयेत. त्याने रडावे, अर्ज मित्रांनी लिहावा. संघटित व्हा हा बाबासाहेबांचा संदेश मोर्चापुरता नाही.

जलदान विधीनंतरचे दिवस

जलदान विधी आणि पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होईपर्यंत घर भरलेले असते. दुसऱ्या दिवसापासून चपलाही दिसत नाहीत. खरी गरज तिथून सुरू होते. आमची सूचना आहे की प्रत्येक विहाराने मयताच्या घरी दोन माणसे नेमावीत, एक बाई आणि एक बाप्या. पहिला महिनाभर दर आठवड्याला एक फेरी. नंतर गेलेल्याच्या वाढदिवसाला, बुद्ध पौर्णिमेला, १४ एप्रिलला, जेव्हा सगळी वस्ती निळ्या झेंड्यांनी सजते आणि एका घरात दिवा लावायला कोणाचा हात उठत नाही, तेव्हा आवर्जून. रेशन, शाळेची फी, वारसाचे कागद यांचीही चौकशी करावी. पुष्कळ वेळा अर्धा राग त्या कागदांतच अडकलेला असतो.

काही खुणा मात्र ओळखा. "मलाही त्याच्याकडे जायचंय" असे तो म्हणत असेल, वस्तू वाटून टाकत असेल, रात्र-रात्र बाहेर फिरत असेल, एखाद्याला मारण्याचा बेत करत असेल, तर थांबू नका. "जीव द्यावासा वाटतो का?" असे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात भरवला जात नाही, उलट बोलायला दार मिळते. त्याला एकटे सोडू नका. विषारी औषधे, गोळ्यांचा साठा, दोर हाताशी राहू देऊ नका. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, फोन मोफत आहे, मराठीत बोलता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे, जीव देण्याचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे मानले जाते. तेव्हा पोलिसांच्या भीतीने तिला दवाखान्यात नेण्याचे टाळू नका. सहा महिने उलटूनही माणूस कामाला लागत नसेल, घरात कोणाशी नीट बोलत नसेल, तर सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात घेऊन जा. छाती दुखली तर जसे नेतो तसेच हे.

आमच्या मित्राचे काय झाले? त्या रात्री आम्ही त्याला हळूहळू चालवत विहाराच्या पायऱ्यांपर्यंत आणले. पहाटे तीनपर्यंत तो भावाविषयी बोलत होता, लहानपणीच्या पतंगांपासून दवाखान्यापर्यंत. गज कोणी कुठे टाकला, कोणास ठाऊक. चौथ्या दिवशी त्याने स्वतः सांगितले आणि आम्ही कागदपत्रांचा अर्ज लिहिला. तक्रार दाखल आहे, निकाल अजून लागलेला नाही. त्याचा राग गेलेला नाही. कधी कधी तो आमच्यावरही निघतो. पण रोज रात्री तो आईसोबत जेवायला घरी असतो.

ज्याने त्याला अनित्यता सांगितली होती तो आजही त्याच्याकडे जातो. आता तो फारसे बोलत नाही. जाताना चहा घेऊन जातो.

नमो बुद्धाय. जयभीम.